मुसक्याआडचा साहेब

धारवाडात स्टेशनच्या रस्त्याला यशवंतअण्णा निपाणीकरांनी पेट्रोलचा पंप घातला, त्या वर्षी गावात मोटारी सगळ्या मिळून तीसेक असतील, आणि त्यांतल्या निम्म्या ढकलल्याशिवाय सुरू होत नसत. अण्णांचं मूळ दुकान हुबळीला, भुसाराचं. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण तहानलेल्याच्या दारात पाणी विकायला बसावं एवढं कळत होतं, आणि व्यापाराला तेवढं पुरतं.

पंप हाताचा होता. वर काचेची दोन मोठी भांडी. दांडा मागंपुढं केला की पेट्रोल भांड्यात चढायचं, मोटारवाल्यानं ते डोळ्यांनी बघून मान डोलावली की नळीतून टाकीत उतरायचं. या कामाला दोन माणसं होती. एक बाबू, हेब्बळ्ळीकडच्या शेतकऱ्याघरचा, चाळिशीचा, तोंडानं फटकळ. दुसरा प्रभंजन. त्याची हकीकत पुढं येतेच.

एके दिवशी कंपनीकडून लाकडी पेटी आली. पेटीत दोन माणसांपुरते गुडघ्याखाली येणारे रबरी कोट, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, काळ्या काचांचे बंद चष्मे, खाकी टोप्या आणि नाकातोंडावर बांधायच्या जाड कापडी पट्ट्या. सोबत छापील कागद. नव्या पेट्रोलात काहीतरी विषारी मिसळलेलं असतं, त्याची वाफ छातीला वाईट, अंगावर सांडलं तर कातडी फुटते, तरी पंपावरच्या माणसांनी हे सर्व अंगावर घातल्याशिवाय पेट्रोलला हात लावू नये. अण्णांनी कागद चौकटीत बसवून भिंतीला लावला, त्याला उदबत्ती ओवाळली, आणि कंपनीचा हुकूम पाळल्याच्या समाधानात ते हुबळीला निघून गेले.

बाबूनं कापडी पट्टी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हे तर मुसकं की हो!"

संपलं. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला जाळी बांधतात ते मुसकं. आणि ते कशासाठी बांधतात हे या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. बैलानं धन्याच्या जोंधळ्यात तोंड घालू नये म्हणून.

"म्हंजे मी काय अण्णांचं पेट्रोल पितो काय रे?" बाबू प्रभंजनला म्हणाला. "हुबळीच्या दुकानापास्नं बारा वर्सं झाली यांचं मीठ खातोय. आता माझ्या तोंडाला मुसकं बांधणार?"

खरं सांगायचं तर बाबू पेट्रोल पीत होता. पिंपातलं पेट्रोल डब्यात काढायचं तर रबरी नळी तोंडात धरून ओढावी लागे, आणि महिन्यातून दोनचार घोट त्याच्या पोटात जातच. त्या दिवशी त्याला पेट्रोलाचे ढेकर येत आणि बायको चुलीजवळ बसू देत नसे. पण ते कामापायी गिळणं झालं. चोरून खाणाराला बांधतात ते तोंडाला बांधून घ्यायचं म्हणजे बिनगुन्ह्याची शिक्षा झाली. त्यात समोरच्या अड्ड्यावर टांगेवाले. मोटारींनी त्यांच्या पोटावर आधीच पाय दिलेला. ते अशा संधीची वाटच पाहत होते. बाबूनं पहिल्या दिवशी अण्णांच्या भीतीनं पट्टी बांधली तेव्हा पलीकडून हाक आली, "काय बैलोबा, आज मळणी किती पोत्यांची?" बाबूनं पट्टी सोडून खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. माणूस विष सोसतो, पण नाव ठेवलेलं सोसत नाही. कंपनीला हे कळायला तिच्या साहेबांनी एकदा जोंधळा मळायला हवा होता.

प्रभंजन मात्र सगळं घालायचा. कोट, मोजे, चष्मा, टोपी, मुसकं, सगळं. टांगेवाल्यांनी त्यालाही बैल म्हटलं, त्यानं ऐकून सोडून दिलं. अण्णा त्याचं कौतुक करत, "पोरगं शिकलेलं आहे, त्याला आरोग्याचं कळतं." आरोग्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. प्रभंजनला फक्त तोंड लपवायचं होतं.

त्याचे वडील शेषगिरीराव, घरचे अप्पा, हे कलेक्टर कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. एकोणतीस वर्षं चाकरी, लांब काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि इंग्रजी असं की तीन कलेक्टरांनी त्यांच्याकडून अर्ज लिहायला शिकावं. राहायला मळमड्डीत. मळमड्डीत तेव्हा घरटी एक पेन्शनर आणि पेन्शनरागणिक एक मॅट्रिक झालेला मुलगा असा हिशेब होता. तो हिशेब प्रभंजननं चुकवला. गणितात दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा बसायचं धाडस त्याला झालं नाही, आणि बसवायचं अप्पांना. मग त्यानं अण्णांकडे हे काम धरलं आणि घरी सांगितलं, पेट्रोल कंपनीत कारकून आहे. अप्पांनी "बरं" म्हटलं. तेव्हापासून कुणी विचारलं की ते सांगत, "चिरंजीव पेट्रोल कंपनीत आहेत." त्या "आहेत"वर सगळ्या घराण्याचा भार होता.

पंप घरापासून दहा मिनिटांवर. मळमड्डीतले वकील, डॉक्टर सगळे तिथंच पेट्रोल घेत. पहिले दोन महिने प्रभंजन ओळखीची मोटार दिसली की पिंपाआड जाऊन बसायचा. मग ती पेटी आली, आणि त्याला देव पावल्यासारखं झालं. आता तो वकिलांच्या मोटारीत त्यांच्या नाकासमोर पेट्रोल घाली आणि त्याला वाटे, आपल्याला कुणी ओळखत नाही. कपड्यांना वास येई त्यावर त्यानं आईला, अंबूताईला, सांगून ठेवलं होतं की ऑफिसाला लागूनच टाकी आहे. अंबूताई कपडे सोड्यात भिजत घाले.

मार्गशीर्ष संपता संपता दोन गोष्टी एकदम घडल्या. अण्णांचा जुना कारकून मुलाकडे सोलापूरला जाणार असं ठरलं, आणि कंपनीचा गोरा साहेब पंप तपासायला येणार असं पत्र आलं. अण्णा प्रभंजनला म्हणाले, "संक्रांतीनंतर तू आत बसायचं. तुझं अक्षर चांगलं आहे. फक्त गुरुवारी साहेब येतोय, त्याच्या कानावर घालतो. त्याला न विचारता माणूस हलवला असं व्हायला नको."

प्रभंजनला त्या रात्री झोप लागली नाही. वर्षभर घरी जे खोटं सांगितलं ते आता आपणहून खरं व्हायला निघालं होतं. अशी सवलत सगळ्याच खोटारड्यांना मिळत नाही. सकाळी त्यानं आईला एवढंच सांगितलं, "गुरुवारी मोठा साहेब येणार आहे गं. तो हो म्हणाला तर बढती आहे." अंबूताईनं देवापुढं साखर ठेवली आणि मग, बायका करतात तसं, ही गोष्ट नवऱ्याच्या कानावर घातली.

गुरुवारी अण्णा हुबळीहून पहाटेच आले. पंप धुऊन काढला, दारावर तोरण बांधलं, बाबूला दम भरला. बाबू म्हणाला, "मोटार लांबून दिसली की बांधतो की. आत्तापास्नं कशाला?" आणि समोरच्या कट्ट्यावर जाऊन विडी ओढत बसला. अण्णा हार आणायला बाजारात गेले. पंपाशी एकटा प्रभंजन उभा राहिला, डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला. थंडी मी म्हणत होती, त्यामुळं आत त्याला बरंच ऊबदार वाटत होतं.

तेवढ्यात मळमड्डीच्या बाजूनं काठी टेकत, लांब कोट आणि रुमाल घालून अप्पा येताना दिसले.

अप्पा या रस्त्याला वर्षभरात फिरकले नव्हते. पळावं तर कोट गुडघ्याखाली येत होता आणि नळी हातात होती. तो जागचा हलला नाही. अप्पा सरळ त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. चार हातांवरच्या माणसाचा त्यांना नुसता आकार आणि रंग दिसे. पण आकार काय होता! चामड्याचे मोजे, काळा चष्मा, लांब कोट, आणि पंपाशी ताठ उभं राहणं. काळा माणूस एवढा झाकून कशाला घेईल? कातडी तर गुंजभरही कुठं दिसत नव्हती, म्हणजे ती गोरी असायला कशाचीच आडकाठी नव्हती. अप्पांनी काठी काखेत धरली, कोटाची गुंडी लावली आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, सर. मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट..."

पुढचं सगळं इंग्रजीतच झालं, तेही कचेरीतल्या अर्जाच्या इंग्रजीत. आपल्या भाषेत सांगायचं तर ते असं होतं.

"साहेब, माझा मुलगा प्रभंजन आपल्या हाताखाली आहे. तो पंपावर तेल घालतो. घरी तो सांगतो की मी कारकून आहे, आणि मी मान हलवतो. त्याला वाटतं, अप्पांना ठाऊक नाही. साहेब, सगळ्या मळमड्डीला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात वकील सांगून गेले, तुमचे चिरंजीव आज आमची मोटार बघून पंपावरच्या पिंपाआड लपले म्हणून. मी या बाजूला फिरायला येणं सोडलं, ते त्याला चोरट्यासारखं होऊ नये म्हणून."

प्रभंजनच्या हातात नळी तशीच होती. त्यानं ती आकड्याला अडकवली.

"मुलगा ढ नाही. गणित मी त्याला शिकवलं, हातात रूळ घेऊन. शिकवणाराची चूक मुलाच्या नावावर लागली. एकोणतीस वर्षांच्या चाकरीत मी कुणासाठी शब्द टाकला नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही. आज टाकतो. त्याला आत एक खुर्ची द्या. लहानशी चालेल. माझ्या अब्रूसाठी मागत नाही, साहेब. रोज संध्याकाळी ताटावर बसल्यावर मी विचारतो, आज ऑफिसात काय झालं, आणि तो काहीतरी सांगतो. सांगताना त्याला घास गिळवत नाही. ते मला बघवत नाही."

एवढं बोलून अप्पांनी हात जोडले आणि ते खाली वाकू लागले.

थोरानं धाकट्याला नमस्कार केला तर धाकट्याचं आयुष्य घटतं, हे प्रभंजन लहानपणापासून ऐकत आला होता. पण त्या क्षणी त्याला आयुष्याची पर्वा नव्हती. ज्या माणसाला कलेक्टरापुढंही त्यानं ताठ मानेनं उभं राहिलेलं पाहिलं होतं, तो त्याच्यापुढं वाकत होता, आणि हे त्याच्यानं बघवेना. त्यानं झटकन पुढं होऊन अप्पांचे दोन्ही हात आपल्या चामडी हातांत धरले आणि त्यांना सरळ उभं केलं. तोंडातून शब्द फुटणं शक्य नव्हतं. फुटला असता तर अप्पांनी आवाज ओळखला असता, आणि आपण कुणापुढं हात जोडले हे त्या म्हाताऱ्याला जन्मभर विसरता आलं नसतं. प्रभंजननं नुसती मान हलवली. एकदा, दोनदा, तीनदा.

"थँक यू, सर," अप्पा म्हणाले. "गॉड विल ब्लेस यू." आणि काठी टेकत निघाले. रस्ता ओलांडून कडुलिंबाखाली टांग्यासाठी उभे राहिले.

टांगा यायच्या आधी साहेबाची मोटार आली. खरा साहेब स्वतःच मोटार हाकत होता. लाल तोंड, अर्धी विजार, बाह्या वर सारलेल्या. अण्णा हार घेऊन धावत पोचले. बाबूनं कट्ट्यावरून उडी मारली, पण त्याचं मुसकं खिळ्यालाच राहिलं होतं, म्हणून त्यानं धोतराचा सोगा नाकाला लावला.

साहेबानं बाबूकडं पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि प्रभंजनकडं पाहून त्या काढल्या. सगळा पंप नीट तपासला. मग प्रभंजनला म्हणाला, "शाबास. आता ते काढ, तुझं तोंड तर बघू दे."

प्रभंजननं कडुलिंबाकडं पाहिलं. अप्पा अजून तिथंच होते, तोंड इकडंच करून. त्यानं मान हलवली. नाही.

"अरे काढ की!" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब सांगतोय!"

पुन्हा नाही. अण्णांना पंप, एजन्सी आणि हुबळीचं दुकानसुद्धा डोळ्यांपुढं बुडताना दिसलं. साहेब क्षणभर टक लावून बघत राहिला. मग भिंतीवरच्या चौकटीतल्या कागदाकडं त्याची नजर गेली आणि तो खो खो हसत सुटला. पंपाशी असताना काढू नये म्हणजे काढू नये, साहेबानं सांगितलं तरी नाही! मद्रासपासून पुण्यापर्यंत असा माणूस आपल्याला भेटला नाही, असं म्हणून त्यानं प्रभंजनच्या खांद्यावर थाप मारली आणि वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

अण्णांना धीर आला. म्हणाले, "साहेब, याला आत कारकून करावं म्हणतोय."

"कारकून?" साहेब म्हणाला. "कारकून तुम्हाला डझनानं मिळतील. हा माणूस पंपावरून हलवायचा नाही. बाकीच्या एजंटांना मी याला बघायला पाठवणार आहे."

मोटार गेली. टांगाही गेला. प्रभंजननं चष्मा काढला तेव्हा काचा आतून ओल्या होत्या. बाबूनं त्याच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही फटकळ न बोलता कानडी मायेनं म्हणाला, "एनप्पा, पाणी पितोस काय?"

त्या संध्याकाळी अप्पा खुशीत होते. चामड्याला हात लागला म्हणून भर थंडीत विहिरीवर स्नान करून आले होते, तरी खुशीत होते. प्रभंजनच्या देखत ते अंबूताईला म्हणाले, "आज सहज स्टेशनकडं गेलो होतो. कंपनीचा साहेब भेटला. काय माणूस! एक शब्द बोलला नाही, पण दोन्ही हातांनी शेकहँड केला. खानदानी. मागाहून कुणी एक लाल तोंडाचा मोटारवाला आला आणि काही सांगायला लागला, तर त्यालासुद्धा साहेबानं नुसती मान हलवून नाही म्हटलं. अधिकार म्हणतात तो याला."

प्रभंजन भात कालवत राहिला. तीनदा मान हलवून खुर्ची कबूल करणारा तोच, आणि मुसकं न काढून ती घालवणाराही तोच. आता दोष कुणाला द्यायचा? सकाळी उठून तो पंपावर गेला आणि उघड्या तोंडानं उभा राहिला. सगळ्या मळमड्डीला ठाऊक असेल तर झाकायचं काय? वकिलांची मोटार आली. वकील म्हणाले, "काय प्रभंजन, बरं आहे ना?" तो म्हणाला, "बरं आहे." एवढंच. एवढं टाळायला त्यानं वर्ष लपून काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा आले. लपून नाही, फिरायला म्हणून उघड. प्रभंजन एका मोटारीत पेट्रोल घालत होता. अप्पा मोटार जाईपर्यंत थांबले.

"साहेबांनी काही सांगितलं का रे?"

"हो," प्रभंजन म्हणाला. नोकरीबद्दलचं हे त्याचं घरच्यांशी शेवटचं खोटं, आणि त्याला घास अडकला नाही. "आत खुर्ची देतो म्हणाले. मीच नको म्हटलं, अप्पा. मला इथं बाहेरच बरं वाटतं."

अप्पांनी काचेच्या भांड्यातल्या पेट्रोलाकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुला बरं वाटतं ना, मग झालं. पण मग तोंड तरी झाकून घे. ती वाफ वाईट असते म्हणतात. तुमचा साहेब बघ कसा सगळा बांधून उभा होता. त्याला कळतं."

प्रभंजनचा हात खिळ्याकडं गेला, आणि तिथंच थांबला. कोट, चष्मा, मुसकं, आणि अप्पांनी हातात धरलेले ते मोजे. हे सगळं अंगावर चढवलं की अप्पांच्या समोर परवाचा साहेब उभा राहणार. मोतीबिंदू असला तरी एवढं त्यांना दिसलं असतं. त्यानं हात मागं घेतला.

"उकडतं, अप्पा," तो म्हणाला.

पौष होता. बोलताना दोघांच्या तोंडांतून वाफ निघत होती. अप्पांनी मुलाकडं पाहिलं, पण मुलगा न लपता उघड उभा राहतोय हेच त्यांना इतकं नवीन आणि चांगलं वाटत होतं की त्यांनी वाद घातला नाही.

कंपनीनं पाठवलेले एजंट आले आणि उघडाबोडका प्रभंजन बघून परत गेले. साहेबाचं रागाचं पत्र आलं. अण्णांनी डोक्याला हात लावला. दोघांतला एक शहाणा होता, तोही बाबूच्या पंक्तीला जाऊन बसला. का घालत नाहीस, असं त्यांनी हरप्रकारे विचारलं. बाबूला विचारलं असतं तर त्यानं मुसक्याचा अपमान तरी सांगितला असता. प्रभंजन काहीच सांगेना.

वर्षभरात त्याच्या हातांची कातडी फुटली. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या, भात कालवताना मीठ झोंबायला लागलं. अंबूताई रोज रात्री त्याच्या हातांना तूप चोळायची, आणि अप्पा समोर बसून तेच तेच म्हणायचे.

"त्या साहेबाचे हात बघायला हवे होतेस. मी धरले होते ना. कुठं ओरखडा नाही, काही नाही. माणसानं साहेबाकडून शिकावं."

"साहेबाची गोष्ट वेगळी, अप्पा," प्रभंजन म्हणायचा, आणि दुसरा हात आईपुढं करायचा.